पान पिकते, दाणा भरतो

सप्टेंबर सरत आला की लातूरहून औशाकडे जा, नाहीतर नांदेडहून लोहा-कंधारकडे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनची शिवारे पिवळी पडत चाललेली दिसतात. आधी खालची पाने, मग मधली, शेवटी शेंड्याची. आठ-दहा दिवसांत पाने देठासकट गळतात आणि रानात उरतात लवदार, तपकिरी शेंगांनी लगडलेल्या काड्या. नवख्याला वाटावे, पीक हातचे गेले. शेतकरी मात्र शेंग दाबून पाहतो, दाणा टणक लागला की मळणीयंत्रवाल्याला फोन लावतो आणि काढणीच्या मजुरांची जुळवाजुळव सुरू करतो. पान पिकले म्हणजे दाणा भरला, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

पण पान पिकते म्हणजे त्याच्या आत नेमके काय होते? या प्रश्नाच्या उत्तरात गेल्या शतकातील जीवशास्त्राची एक मोठी शाखा सामावलेली आहे. सजीव पेशी आपणच बांधलेली प्रथिने मोडते कशी, कोणते मोडायचे हे ठरवते कशी आणि त्या तुकड्यांतून नवे काही उभारते कशी, याच्या शोधाला दोन नोबेल पारितोषिके मिळाली आहेत. लातूरच्या आडत बाजारात दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर जे कट्टे उतरतात, त्यातला माल याच मोडणीतून तयार झालेला असतो. मराठवाड्यात सोयाबीनच्या भावावर जेवढे बोलले जाते, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही या गोष्टीवर बोलले जात नाही. मला ही उणीव मोठी वाटते, कारण शेवटच्या महिन्यातले फवारणीचे कितीतरी निर्णय याच अज्ञानापायी चुकतात.

आधी हिशेब मांडू. सोयाबीनच्या दाण्यात कोरड्या वजनाच्या सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. साधारण ६.२५ किलो प्रथिनांत १ किलो नत्र, असे ढोबळ प्रमाण धरतात. ओलावा वजा केला तर एका क्विंटल सोयाबीनमधून साधारण पावणेसहा किलो नत्र रानाबाहेर जाते. एकरी १० क्विंटल उतारा पडला तर ५७-५८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. तेव्हा एका एकरातला दाणा जवळजवळ पावणेतीन गोण्या युरियाइतके नत्र घेऊन बाजारात जातो. आणि हे सगळे नत्र दाण्यात भरायला झाडाला मिळतो जेमतेम एक महिना.

मुळांवरच्या गाठी या काळात नत्र देत असतात, पण मागणी त्यांच्या आवाक्याबाहेर जाते. शिवाय दाणा भरू लागला की पानात तयार होणारी साखर शेंगांकडे वळते आणि गाठींची उपासमार होते. ऑगस्टच्या मध्यावर सोयाबीनचे रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडून पाहा: आत लालसर गुलाबी रंग दिसेल. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ असलेले लेगहिमोग्लोबिन त्या गाठीत असते, त्याचा तो रंग. हेच सप्टेंबरअखेर करा, बहुतेक गाठी आतून हिरवट-तपकिरी आणि पोचट झालेल्या आढळतील. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी नत्राचा कारखानाच बंद पडत आलेला असतो. मग झाड हात घालते ते स्वतःच्या पानांना.

१९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात टी. आर. सिंक्लेअर आणि नेदरलँड्समधील वागेनिंगेनचे सी. टी. दे वित यांनी वेगवेगळ्या पिकांच्या दाण्याला किती साखर आणि किती नत्र लागते याचा ताळा मांडला. सोयाबीनची नत्राची भूक सर्वांत मोठी निघाली. एवढी भूक मुळे भागवू शकत नाहीत, म्हणून हे झाड दाणा भरण्यासाठी स्वतःलाच मोडत जाते, अशी मांडणी त्यांनी पुढे केली. तिला ‘आत्मविनाशी’ पिकाची कल्पना म्हणून ओळखतात. नाव भीतिदायक असले तरी प्रत्यक्षातले काम फार शिस्तीचे आहे.

पानात मोडण्यासारखे असते तरी काय? पानातल्या नत्राचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा हरितलवकांमध्ये असतो आणि त्यातही सगळ्यांत मोठा ऐवज एका प्रथिनाचा: रुबिस्को. हवेतला कर्बवायू पकडून त्याची साखर करण्याच्या कामाची सुरुवात हे विकर करते. पृथ्वीवर सर्वाधिक आढळणाऱ्या प्रथिनांत त्याची गणना होते, आणि त्याला कारण आहे त्याचा संथपणा. अनेक विकरे सेकंदाला शेकडो-हजारो रेणू हाताळतात. रुबिस्कोचा एक कार्यबिंदू सेकंदाला जेमतेम तीनच्या आसपास कर्बवायूचे रेणू हाताळतो. ही कसर झाड संख्येने भरून काढते. पानातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत प्रथिन एकटे रुबिस्को असू शकते. म्हणजे पान साखर तयार करते आणि त्याच वेळी नत्राची मोठी शिल्लकही बाळगून असते.

ही शिल्लक मोडायची वेळ आली की पेशी घाई करत नाही. माळवदाचे जुने घर उतरवताना जाणता माणूस सर, तुळ्या, खांब आणि कोरीव दगड एकेक करून सुटे करतो आणि विजेचा मीटर मात्र शेवटपर्यंत चालू ठेवतो. पेशीचा क्रम तसाच असतो. हरितलवके सगळ्यांत आधी उतरवली जातात. ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका आणि सूचना देणारे केंद्रक अगदी शेवटपर्यंत शाबूत राहतात, कारण मोडायलाही ऊर्जा लागते आणि आदेश लागतात.

पिवळा रंग येतो तो याच क्रमातून. हरितद्रव्य प्रथिनांच्या कोंदणात बसवलेले असते. कोंदण मोडले आणि हरितद्रव्य मोकळे सुटले तर ते उन्हात पेशीलाच जाळू शकते, कारण ते प्रकाश पकडत राहते आणि त्या ऊर्जेला वाट मिळत नाही. म्हणून पेशी आधी हरितद्रव्याच्या मध्यावरचा मॅग्नेशियमचा अणू काढून घेते आणि पुढे त्या रेणूचे निरुपद्रवी, रंगहीन पदार्थात रूपांतर करते. हिरवा रंग गेला की आधीपासून पानात असलेले पिवळे रंगद्रव्य उघडे पडते. नवल म्हणजे हरितद्रव्यातले नत्र झाड परत घेतच नाही, ते पानाबरोबर जाते. झाडाला हवे असते ते कोंदणाचे प्रथिन. मॅग्नेशियम काढणारे प्रथिन ज्या जनुकामुळे तयार होते, त्याचा बिघाड म्हणजेच ग्रेगोर मेंडेलच्या मठातला हिरव्या दाण्याचा वाटाणा, हे २००७ मध्ये उलगडले.

आता मोडणीची यंत्रणा. तिचा शोध पानात लागला नाही. उंदरात, सशाच्या रक्तात आणि किण्वात, म्हणजे यीस्टमध्ये, लागला. १९३० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोनहायमर यांनी उंदरांना जड नत्राची खूण असलेली अमिनो आम्ले खाऊ घातली. तोवर समज असा होता की शरीर एकदा बांधले की टिकते आणि अन्न फक्त इंधन म्हणून जळते. खूण केलेले नत्र लघवीत बाहेर पडेल अशी अपेक्षा होती. त्यातले निम्म्याहून अधिक उंदरांच्या शरीरातल्या प्रथिनांत जाऊन बसले होते, आणि उंदरांचे वजन मात्र तेवढेच होते. म्हणजे जुने मोडत होते आणि नवे बांधले जात होते, अखंड. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिने मोडतात आणि तितकीच पुन्हा बांधली जातात. आपल्या ताटातल्या वरण-भाकरीत प्रथिने असतात त्याच्या पाव-तृतीयांशच. बाकीचा सगळा माल जुन्यातूनच येतो.

१९५३ मध्ये मेल्विन सिम्प्सन यांनी यकृताच्या कापांवर प्रयोग करून एक कोडे उभे केले: प्रथिन मोडायला पेशी ऊर्जा खर्च करते. पोटातले अन्न पचते तेव्हा प्रथिनांचे बंध तोडायला अशी ऊर्जा लागत नाही. मग पेशीच्या आतच का लागावी? ख्रिश्चन द दुव्ह यांनी १९५५ मध्ये लयकारिकांचा शोध जाहीर केला. पाचक विकरांनी भरलेल्या या पिशव्या मोडणीचे घर ठरल्या खऱ्या, पण ऊर्जेचे कोडे त्यांनी सुटले नाही. लातूर आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांत ‘नीट’ची तयारी करणारी हजारो मुले लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात हे पाठ करतात. त्यातल्या अनेकांच्या घरी सोयाबीन आहे. घरच्या रानातले पान हाच त्या धड्याचा सर्वांत चांगला नमुना, असे त्यांना कुणीतरी सांगायला हवे. एक गुणाचा प्रश्न म्हणून घोकलेली गोष्ट मग जन्मभर लक्षात राहील.

कोडे सुटले ते हैफातल्या टेक्नियॉन संस्थेत. अवराम हर्श्को आणि त्यांचे विद्यार्थी आरोन चिखानोव्हर यांनी सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींचा अर्क घेतला. या पेशींत लयकारिका नसतात, तरी प्रथिने मोडतात. १९७८ ते १९८० या काळात, फिलाडेल्फियाच्या अर्विन रोझ यांच्या सोबतीने, त्यांनी दाखवले की मोडायच्या प्रथिनावर आधी एक छोटे प्रथिन चिकटवले जाते. ते युबिक्विटिन. अवघ्या ७६ अमिनो आम्लांचे. एकापुढे एक अशी त्याची माळ लागली की ते प्रथिन मोडणीला गेले. ऊर्जा खर्च होते ती ही खूण लावायला आणि खूण लागलेला रेणू उलगडून आत ढकलायला. ज्यात तो ढकलला जातो ते प्रोटिएझोम म्हणजे एक पोकळ नळकांडे; सात-सात घटकांची चार कडी एकावर एक रचलेली, दोन्ही तोंडांना पहारा. कापणारी पाती आतल्या बाजूला असल्यामुळे खुणेशिवाय आलेले प्रथिन वाचते. म्हणजे खर्च होतो तो निवडीवर. या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. माणसाच्या आणि सोयाबीनच्या युबिक्विटिनमध्ये ७६ पैकी फक्त तीन जागी फरक आहे. बांधावर उभा असलेला शेतकरी आणि त्याच्या पायाशी पिवळे पडणारे झाड, दोघांच्या पेशी जवळजवळ एकाच खुणेने काम करतात.

हे नळकांडे एकेक प्रथिन घेते. हरितलवकाचे तुकडेच्या तुकडे उतरवायचे तर दुसरी वाट लागते. पेशी दुहेरी पडद्याची पिशवी विणते, नको असलेला भाग तिच्यात गुंडाळते आणि ती पिशवी रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या आणि पचनाच्या मोठ्या कप्प्यात, नेऊन रिती करते. जपानच्या योशिनोरी ओहसुमी यांनी ही वाट किण्वात पाहिली. त्यांनी पाचक विकरे नसलेले किण्व घेतले, त्याला उपाशी ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पिशव्या येत होत्या पण विरघळत नव्हत्या, त्यामुळे रिक्तिका त्यांनी गच्च भरून गेली. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झाले, पुढच्या वर्षी या कामाची जनुके, आणि २०१६ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल. वनस्पतींतही तीच जनुके सापडली. रुबिस्को भरलेल्या लहान पिशव्या हरितलवकातून सुटून रिक्तिकेत पोहोचतात, हे जपानी संशोधकांनीच २००८ मध्ये दाखवले.

रिक्तिकेत रुबिस्कोची अमिनो आम्ले होतात, त्यांचे नत्र मुख्यतः अस्पॅराजिन आणि ग्लुटामिन या दोन रूपांत बांधले जाते आणि शिरांवाटे शेंगेकडे रवाना होते. पिकू लागलेले पान उन्हाकडे धरून पाहिले तर मधले भाग पिवळे आणि शिरांच्या कडा अजून हिरव्या अशी जाळी दिसते. वाहतुकीचा रस्ता शेवटपर्यंत चालू ठेवला जातो. दाण्यात पोहोचलेल्या अमिनो आम्लांपासून ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन ही साठ्याची प्रथिने बांधली जातात आणि तीही रिक्तिकांतच साठवली जातात. पानातल्या रिक्तिकेत माल मोडतो, दाण्यातल्या रिक्तिकेत तोच माल नव्या रूपात रचून ठेवला जातो. पान गळेपर्यंत त्यातले निम्म्याहून अधिक नत्र निघून गेलेले असते.

मग शेंगाच काढून टाकल्या तर पान हिरवे राहील का? राहते. वेळी-अवेळी पावसाने किंवा किडीने शेंगा न धरलेली सोयाबीनची हिरवीकंच झाडे दिवाळीपर्यंत रानात उभी राहिलेली आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी पाहिली आहेत, आणि त्या हिरवेपणाने त्यांच्या पोटात गोळाही आला आहे. व्हर्नन विटेनबाख यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शेंगा मुद्दाम खुडून अशा झाडांची पाने तपासली. पाने हिरवी होती, पण आतले रुबिस्को तरीही घटत होते. त्याच्या जागी पानातच एक साठ्याचे प्रथिन जमत होते. म्हणजे मोडणी ठरल्या वेळी सुरू झाली होती. माल न्यायला कुणी आले नाही म्हणून तो घरातच रचून ठेवला गेला. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. हिरवे पान म्हणजे कामाचे पान हा आपला पक्का समज त्याने खोटा ठरवला.

आणि नेमका हाच समज सप्टेंबरात विकला जातो. खालची पाने पिवळी पडू लागली की कृषी केंद्राच्या काउंटरवर ‘पीक हिरवेगार ठेवणाऱ्या’ बाटल्या पुढे येतात. भाव अनेकदा हमीभावाच्या खाली, त्यात पिकत्या पानावर हा खर्च. माझे स्पष्ट मत आहे की शेंग भरून टणक होत असताना खालून वर चढत जाणाऱ्या पिवळेपणाला औषध नसते आणि त्याची गरजही नसते. खरी काळजी वेगळ्या पिवळेपणाची करावी. ऑगस्टातच शेंड्याच्या कोवळ्या पानांवर पिवळे-हिरवे ठिपके पसरले तर तो मोझॅक, पांढऱ्या माशीने आणलेला. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर बहुधा लोहाची कमतरता. पाणी साचून सगळे झाडच निस्तेज झाले तर मुळे गुदमरली. या पिवळेपणात पान मोडते, पण माल पोहोचत नाही किंवा वेळेआधीच पोहोचतो आणि दाणा बारीक राहतो. पावसाच्या खंडातही तेच होते: झाड मोडणी लवकर सुरू करते. त्या वेळी एक संरक्षित पाणी कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त काम करते, कारण पान लवकर मोडू नये यासाठीच ते दिलेले असते.

नांदेडकडे हीच गोष्ट लाल रंगात दिसते. कापसाच्या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरला लाल्या येतो. पानांच्या कडा आधी लालसर, मग सगळे पान तांबडे, मग कडा वळतात, पान गळते आणि वरची बोंडे लहानच फुटतात. लाल्याला रोग म्हणतात, पण तो बुरशीचा किंवा विषाणूचा नाही. बोंडांनी एकदम मागणी केली, हलक्या रानाने नत्र पुरवले नाही, त्यात रात्रीचा गारवा वाढला की पान आपला ऐवज काढून देऊ लागते. तांबडे रंगद्रव्य त्या मोडत्या पानाला उन्हापासून आडोसा देते, असे एक मत आहे. बीटी वाण आल्यानंतर बोंडअळीपासून पहिला बहर वाचला, झाडावर एकाच वेळी जास्त बोंडे राहू लागली आणि लाल्याच्या तक्रारी वाढल्या, त्यामागे हेच कारण आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेला एनएचएच ४४ म्हणजे ‘नांदेड ४४’ कोरडवाहू रानात वर्षानुवर्षे का टिकला, याचा विचार करताना झाडावरची बोंडे आणि पानातली शिल्लक यांचा मेळही पाहायला हवा, असे मला वाटते. लाल्यावर मॅग्नेशियम सल्फेट आणि २ टक्के डीएपीची फवारणी सांगतात. ती पाते-बोंडे लागतानाच द्यायची. सगळे पान तांबडे झाल्यावर ती देणे म्हणजे उतरवलेल्या कोंदणात खडा बसवण्याचा प्रयत्न.

फवारणीचाच विषय निघाला तर आणखी एक गोष्ट. फूल-पाते गळू नये म्हणून कापसावर, तुरीवर प्लॅनोफिक्स मारतात. ते ऑक्सिन जातीचे संजीवक. ऊस-ज्वारीतल्या रुंद पानांच्या तणांवरचे २,४-डी हेही त्याच कुळातले. शेजारच्या उसात मारलेले २,४-डी वाऱ्याने आले आणि कापसाची पाने भेंडीसारखी चिरत गेली, यावरून नांदेड-परभणीकडे बांधाबांधावर भांडणे झाली आहेत. ही संजीवके पेशीत करतात काय, हे २००५ मध्ये कळले. इंग्लंड आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवले की ऑक्सिन टीआयआर१ नावाच्या प्रथिनावर जाऊन बसते आणि वाढ रोखून धरणाऱ्या एका प्रथिनाला त्याच्याशी चिकटवते. चिकटले की युबिक्विटिनची माळ लागते आणि ते रोखणारे प्रथिन मोडणीला जाते. वाढीचा दरवाजा उघडतो तो अशा मोडणीने. द्राक्षाच्या घडावर मारलेले जिबरेलिनही वेगळ्या प्रथिनांमार्फत हेच करते. पाठीवरच्या पंपातून शेतकरी जे फवारतो, त्याचा परिणाम शेवटी पेशीतली कोणती प्रथिने मोडायची या निवडीवर होतो.

२०२५ च्या सप्टेंबरात मांजरा आणि तेरणेच्या काठांनी या मोडणीचा दुसरा चेहरा पाहिला. काढणीला आलेल्या सोयाबीनवर दिवसच्या दिवस पाऊस पडला, पाण्यात उभ्या झाडांच्या शेंगांत दाणे फुगले आणि शेंगेतच कोंब निघाले. साठ्याच्या रिक्तिकांनी पुन्हा काम बदलले. दाण्याला ओल मिळताच त्यातली पाचक विकरे जागी होतात आणि पानाने महिनाभर खपून रचलेले ग्लायसिनिन अंकुरासाठी फोडू लागतात. जमिनीत हे घडले तर तीच उगवण. शेंगेत घडले तर तोच दाणा बाजारात ‘डागी’ ठरतो. कोंब वाळून गळून गेला तरी आतला साठा गेलेला असतो. पंचनाम्याच्या कागदावर हे नुकसान क्षेत्राच्या टक्क्यांत मांडले जाते, दाण्याच्या आतल्या नुकसानीला तिथे रकाना नाही.

बाजारातही नाही. लातूरच्या बाजार समितीत माल उतरला की ओलावा पाहतात, माती-काडीकचरा पाहतात, डागी दाणे पाहतात. व्यापारात १०-२-२ असे म्हटले की सगळ्यांना कळते: ओलावा १०, कचरा २, डागी २ टक्के. हमीभावाच्या केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. प्रथिनांची टक्केवारी मात्र कुठेच विचारली जात नाही. आणि लातूरच्या कारखान्यांत तेल काढल्यावर उरलेली ढेप, म्हणजे डीओसी, विकली जाते ती प्रथिनांच्या टक्क्यावर. दाण्यात तेल १८ ते २० टक्के, बाकी मोठा वाटा या ढेपेचा. ज्याच्यावर कारखान्याचा भाव ठरतो त्याचा दाम शेतकऱ्याला वेगळा मिळत नाही. प्रथिन तपासणारी यंत्रे मिनिटभरात आकडा देतात. ती बाजाराच्या दारात आणायला काय हरकत आहे, हे मला समजत नाही.

त्या ढेपेबद्दल एक सांगायलाच हवे. झाडाने आपला साठा कुणी सहज पचवू नये अशी तजवीजही केलेली असते. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला निकामी करणारे प्रथिन असते; मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. कच्चे सोयाबीन कोंबड्यांना घातले तर त्यांची वाढ खुंटते ती त्यामुळे. म्हणून कारखान्यात ढेप वाफेवर भाजून काढतात. भाजणी कमी पडली तर हे प्रथिन उरते, जास्त झाली तर कामाची अमिनो आम्लेही करपतात. घरी सोयाबीन नीट भिजवून, शिजवून किंवा भाजूनच खावे, यामागेही हेच आहे.

दिवाळीच्या दिवसांत रब्बीची पेरणी चालू असते आणि ज्वारीत उलट हीच मोडणी लांबवणे उपयोगी पडते. मालदांडी ३५-१ सारख्या वाणांना कणीस पडल्यानंतर ओल कमी पडते. झाडाने पाने आणि ताट लवकर मोडले की खोड पोकळ होते, जमिनीतली बुरशी शिरते आणि खडखड्या येऊन ताटे आडवी होतात. काही ज्वाऱ्या मात्र ओल कमी असतानाही पाने हिरवी ठेवतात. इथिओपियातून आलेल्या वंशाचा बी ३५ हा वाण या गुणासाठी जगभर वापरला गेला, आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरूतल्या इक्रिसॅटने त्यातले जनुकखंड आपल्याकडच्या ज्वारीत उतरवण्याचे काम केले. इथे हिरवेपणा हवा असतो, कारण ज्वारीच्या दाण्यात प्रथिने सोयाबीनच्या पाव हिश्शाइतकीच, दाण्यात मुख्यतः पिष्ट भरायचे असते, आणि ओला राहिलेला कडबा जनावरांना लागतो. एकाच गुणाला दोन पिकांत दोन किमती आहेत.

सोयाबीन काढलेल्या रानात बरेच जण हरभरा पेरतात. सोयाबीन जमिनीला नत्र देते, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. सरासरीने सोयाबीनच्या नत्रापैकी ५० ते ६० टक्के हवेतून येते, उरलेले जमिनीतून. पानांतले नत्रही शेंगेत जाते आणि शेंग रानाबाहेर. त्यामुळे चांगला उतारा पडलेल्या रानात जमा-खर्चाची वजाबाकी बहुधा उणे येते. गळालेल्या पानांत, मुळांत आणि विझलेल्या गाठींत जे काही उरते तेवढेच मागे राहते, आणि मळणीची गुळी पेटवून दिली तर त्यातलेही बरेच धुरात जाते. गुळी रानात पसरवली तर ती कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःसाठी नत्र लागते, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे हरभऱ्याला ते लगेच मिळत नाही. तेव्हा हरभऱ्याच्या १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियमची प्रक्रिया करून, सावलीत वाळवून, त्याच दिवशी पेरायची. हरभऱ्याची गाठ वेगळ्या जिवाणूची असते. सोयाबीनसाठी आणलेले उरलेले पाकीट इथे चालत नाही.